रेडिओच्या पोटातल्या नोंदी

जुना रेडिओ दिसला की माणसं दोन प्रश्न विचारतात. "चालतो का?" हा पहिला आणि "आता याचे किती येतील?" हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मला मात्र तिसराच प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तर हवं असेल तर रेडिओ पुढून नाही, मागून बघावा लागतो. पाठीमागचा भोकाभोकांचा पुठ्ठा काढायचा, पुढच्या खुंट्या उपसायच्या, खालचे चार स्क्रू सोडवून चासी बाहेर घ्यायची आणि उलटी करून उजेडात धरायची. प्रश्न असा, की हा सेट इतकी वर्षं चालता ठेवला कोणी?

आपल्याला वाटतं, जुन्या वस्तू मुळातच टिकाऊ होत्या म्हणून टिकल्या. लाकूड जाड, काम अस्सल, वगैरे. व्हॉल्व्हच्या रेडिओबद्दल तरी हे खरं नाही. व्हॉल्व्ह म्हणजे शेवटी विजेच्या दिव्याचाच चुलतभाऊ. काचेच्या आत एक तार तापते, तिच्याभोवतीच्या नळीवरून इलेक्ट्रॉन सुटतात आणि वर्षानुवर्षं तापून ती नळी म्हातारी होते. मेणात बुडवलेले कागदी कंडेन्सर दमट हवेत पाणी पितात आणि गळायला लागतात. रबराच्या आवरणाच्या तारांना बोट लावलं की आवरणाचा बिस्किटासारखा भुगा होतो. डायलचा काटा ओढणारा दोरा तुटतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या केसाएवढ्या बारीक तारेवर मुंबई-कोकणच्या हवेत हिरवा कळंक चढतो आणि ती आतल्या आत तुटते. एखाद्या घरात रेडिओ तीस वर्षं वाजला असेल, तर त्या तीस वर्षांत तो अनेकदा कोणाच्या तरी टेबलावर उघडा पडलेला असतो. कंपनीने तो एकदाच बनवलेला असतो. त्यानंतर त्याला पुन:पुन्हा जिवंत केलेलं असतं ते कोपऱ्यावरच्या रेडिओ मेकॅनिकने.

आणि गंमत अशी की जुने रेडिओ जमवणाऱ्यांच्या जगात सगळ्यात जास्त भाव असतो तो "ओरिजिनल" सेटला. म्हणजे ज्याला कारखान्यातून बाहेर पडल्यावर कोणाचा हात लागलेला नाही असा. ज्याला हात लागलाय त्याला पुन्हा मूळ रूपात आणायचं, ही तिथली उत्तम रिस्टोरेशनची व्याख्या. युरोप-अमेरिकेत ती व्याख्या शोभतही असेल. पण भारतात वापरलेल्या रेडिओला ती लावली तर आपण त्याचा भारतातला सगळा इतिहास सोल्डरिंग आयर्नने वितळवून टाकतो, असं मला हळूहळू वाटायला लागलं आहे. का, ते सांगतो.

सुरुवात थोडी मागून करायला हवी. हौशी रेडिओ क्लबांचं प्रसारण मुंबईत १९२३ पासूनच होत होतं. पण ज्याला रीतसर प्रसारण म्हणता येईल ते २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. पाठोपाठ ऑगस्टमध्ये कलकत्ता. दोन्हीकडे ट्रान्समीटर फक्त दीड किलोवॅटचे. रेडिओ ऐकायचा तर वर्षाला १० रुपये भरून लायसन काढायचं. सेट सगळे परदेशी, किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर, ऐकणारे मूठभर. कंपनी तीन वर्षांतच बुडाली. १ एप्रिल १९३० पासून कारभार सरकारने हातात घेतला आणि ८ जून १९३६ रोजी त्याचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं.

त्या काळात इथे आलेले सेट पाहिले की पहिली नोंद थेट डायलवरच सापडते. इंग्लंड-युरोपातल्या घरगुती सेटवर लाँग वेव्ह हा पट्टा हमखास असायचा, कारण तिकडची मोठी केंद्रं त्यावर बोलत. आपल्याकडे लाँग वेव्हवर काहीच नव्हतं. इकडे देश अफाट, ट्रान्समीटर थोडे आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात विजांच्या कडकडाटाने मीडियम वेव्हवर नुसता तळणाचा आवाज. म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९३७-३८ मध्ये शॉर्टवेव्हचा आधार घेतला. त्यामुळे भारतासारख्या देशांसाठी बनलेल्या सेटांवर लाँग वेव्ह काढून तिथे शॉर्टवेव्हचे दोन-दोन, तीन-तीन पट्टे दिलेले असत. एखाद्या सेटवर लाँग वेव्ह दिसली तर तो तिकडच्या बाजारासाठी बनला होता आणि कोणीतरी बोटीतून सामानाबरोबर आणला, एवढं न उघडताच कळतं.

इथे वाटू शकेल की सेट परदेशी, तर विद्याही परदेशीच असणार. तसं नव्हतं. याचा पुरावा म्हणून मी नेहमी १९४२ सालाकडे बोट दाखवतो. 'छोडो भारत'च्या धामधुमीत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून काँग्रेस रेडिओ चालवला. ४२.३४ मीटरवर, जागा बदलत बदलत, ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला पोलिसांची धाड पडेपर्यंत. उषाबेनचं नाव आपल्याला माहीत असतं. त्यांचा ट्रान्समीटर उभा करणाऱ्या नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं. युद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी रेडिओवाल्यांना आपापली प्रक्षेपण यंत्रं जमा करायला लावली होती. म्हणजे सरकारची नजर चुकवून, सुट्या भागांतून, बोलणारं यंत्र उभं करू शकणारी माणसं तेव्हा या शहरात होती. रेडिओचा भारतातला पहिला मोठा कारखाना कुठला, यावर आपण वाद घालू शकतो. पण कारखान्यांच्या आधी टेबल, आयर्न आणि मीटर घेऊन बसलेली माणसं होती, यावर वाद नको.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या वाट्याला ६ केंद्रं आणि १८ ट्रान्समीटर आले. देशाचा अडीच टक्के भूभाग आणि ११ टक्के लोकसंख्या एवढ्यांपर्यंतच आवाज पोचत होता. मग हळूहळू चित्र बदललं. नागपूर केंद्र १९४८ मध्ये, पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं. सेट इथे बनू लागले. १९४० साली मुंबईत सुरू झालेल्या नॅशनल रेडिओ अँड इंजिनिअरिंग कंपनीचे नॅशनल एको, ठाण्याच्या कारखान्यातले मर्फी, कलकत्त्याचे फिलिप्स. शिवाय बुश, जीईसी, एचएमव्ही. महायुद्ध संपल्यावर फौजांचा उरलेला माल "डिस्पोजल" म्हणून लिलावात निघाला आणि तो लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत पसरला. लष्करी सेटातून काढलेले व्हॉल्व्ह, मीटर, हेडफोन, चोक. एका पिढीचे मेकॅनिक त्या मालावर हात बसवून तयार झाले.

आणि मग १ एप्रिल १९५५. त्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, आणि गदिमा-बाबूजींची ५६ गाणी आठवड्याला एक या हिशोबाने वर्षभर चालली. ज्यांच्याकडे सेट होता त्यांच्या ओट्यावर, खिडकीत शेजारीपाजारी जमत. रेडिओला हार घालून उदबत्ती लावणारी घरं होती, असं सांगणारी माणसं मला भेटली आहेत. आता यात मेकॅनिकची बाजू बघा. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी एकच गाणं. आदल्या दिवशी सेट बंद पडला तर? त्या वर्षी "उद्या सकाळच्या आत करून द्याच हो" हे वाक्य किती दुकानांत ऐकू आलं असेल, याचा हिशोब कुठल्याच पुस्तकात नाही.

गावाकडे प्रश्न आणखी वेगळा. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांमध्ये शेतकऱ्यांची श्रोता मंडळं केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस. ऐकायचं, त्यावर चर्चा करायची, प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने त्याचा अभ्यास केला आणि पॉल न्यूरॅथ यांचा अहवाल जगभर वाचला गेला. अभ्यास श्रोत्यांचा झाला, ते बरोबरच. पण ज्या गावात वीज नाही तिथे रेडिओ म्हणजे बॅटरीवरचा सेट. व्हॉल्व्हना तापवायला एक बॅटरी आणि वरच्या कामाला नव्वद व्होल्टचा जाडजूड कोरडा पॅक. तो बसला की चावडीवरची खेडुतांची सभा बसलीच. संवादाचा सगळा डोलारा कोणाच्या तरी पान्या-पक्कडीवर उभा होता.

आता चासीकडे वळू. माझ्याकडे जे सेट आले त्यांतला एक विशेष बोलका निघाला. इंग्लंडात बनलेला, पन्नाशीच्या दशकातला, टेबलावर ठेवायचा. जुन्या बाजारात एका ढिगाखाली होता. लाकडाला कसर लागलेली, स्पीकरचं कापड उंदरांनी खाल्लेलं. उलटा केला आणि लक्षात आलं, की याच्या मूळ व्हॉल्व्हपैकी आवाज देणारा शेवटचा व्हॉल्व्ह तिथे नाहीच. तो असायला हवा होता ईएल ४१, त्या आठ पिनांच्या रिमलॉक जातीचा. त्याच्या जागी होता नऊ पिनांचा ईएल ८४. नुसता बदललेला नव्हता. जुनं सॉकेट काढून, पत्र्याचं भोक कानशीने मोठं करून नवं सॉकेट बसवलेलं होतं. तारा नव्या पिनांवर नेल्या होत्या, बायसचा रेझिस्टरही नव्या व्हॉल्व्हला साजेसा बदलला होता. पत्र्यावर कानशीचे ओरखडे अजून दिसत होते.

असं का केलं असेल? १९५७ च्या आसपास देशाकडचं परकीय चलन आटलं आणि आयातीवर कडक निर्बंध आले. परदेशी व्हॉल्व्ह मिळणं दुरापास्त झालं. दुसरीकडे १९५४ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून फिलिप्सच्या सहकार्याने इथेच व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. ते होते नव्या, नऊ पिनांच्या मालिकेतले. म्हणजे बाजारात जे मिळत होतं ते सेटात बसत नव्हतं आणि सेटात जे बसत होतं ते मिळत नव्हतं. अशा वेळी गिऱ्हाइकाला "नवा घ्या" म्हणून वाटेला लावायचं, की कानशी उचलायची? या मेकॅनिकने कानशी उचलली. परकीय चलनाची टंचाई, आयात-परवान्यांचं राज्य आणि स्वदेशी उद्योगाचा पहिला टप्पा हे तिन्ही त्या भोकात नोंदलेलं आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मला ते इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं.

त्याच सेटात पुढचा थरही होता. रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या सॉकेटवर व्हॉल्व्हऐवजी खालून बीवाय १२७ नावाचा चिंचोक्याएवढा डायोड आणि एक रेझिस्टर जोडलेला. हे काम नंतरचं, सत्तरच्या दशकातलं म्हणायला हरकत नाही. सोल्डरची ढब वेगळी, म्हणजे बहुधा हातही वेगळा. पहिल्याचे जोड गोल, चकचकीत, तार आधी पिनेला गुंडाळून मग सोल्डर दिलेला. दुसरा घाईतला. डायलच्या काचेवर शॉर्टवेव्हच्या पट्ट्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. असे ठिपके मी आणखी काही सेटांवर पाहिले आहेत. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली आणि सगळा देश काटा फिरवून रेडिओ सिलोन शोधायला लागला. विविध भारती सुरू व्हायला ३ ऑक्टोबर १९५७ उजाडावा लागला. तो ठिपका नेमका कुठल्या स्टेशनचा हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण घरातल्या कोणाला तरी रोज त्याच जागी पोचायचं होतं, एवढं नक्की.

आता खरा पेच इथून पुढे. इंटरनेटच्या कृपेने ईएल ४१ आज परदेशातून मागवता येतो. रिमलॉक सॉकेटही मिळतं. थोडी मेहनत घेतली तर हा सेट पुन्हा कारखान्यातून आल्यासारखा होईल. करावा का?

दुसऱ्या बाजूने, "सगळं जसंच्या तसं ठेवा" हे म्हणायला सोपं आहे. त्याच सेटात फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार होती. ती तशीच ठेवणं म्हणजे इतिहासाच्या प्रेमापोटी घर जाळणं. शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर येणारा कागदी कंडेन्सर गळका निघाला. हा कंडेन्सर गळला की ग्रिडवर नको तो व्होल्टेज जातो, व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. जुना सेट हातात आला की सरळ प्लग लावू नये ते याचसाठी. आधी सिरीजमध्ये शंभर वॉटचा पिवळा बल्ब लावायचा (एलईडी चालत नाही, तार असलेलाच हवा आणि तोही आता शोधावा लागतो). बल्ब भगभगीत पेटला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. आधी उजळून मग मंदावला तर पुढे जायला हरकत नाही. आणि ट्रान्सफॉर्मर नसलेले एसी-डीसी सेट तर आणखी बेरकी. कलकत्त्यासारख्या शहरात डीसी वीज होती, म्हणून असे सेट बनले. त्यांत मेनची एक वायर थेट चासीला जोडलेली असते. खुंटी निघालेली असेल आणि आतल्या स्क्रूला बोट लागलं, तर रेडिओ तुम्हाला ऐकवण्याऐवजी तुमचंच ओरडणं ऐकतो.

तेव्हा जे जीवावर बेतू शकतं ते बदलायचंच. प्रश्न उरतो तो बाकीच्याचा. मी त्या सेटात ईएल ८४ तसाच ठेवला. त्याचं सॉकेट, ते कानशीचं भोक, तो रेझिस्टर, सगळं. घाईतला डायोडही ठेवला, कारण मोजून पाहिला तर तो आपलं काम नीट करत होता. फ्यूज रीतसर बसवला. गळका कंडेन्सर काढला, त्याचं पोट गरम करून मेण आणि कागद बाहेर ओढले, आत नवा चिमुकला कंडेन्सर घातला आणि दोन्ही टोकं मेणाने बंद केली. वरचं लेबल जुनंच राहिलं. ही युक्ती जगभर वापरतात. तिला कोणी लबाडीही म्हणेल, म्हणून आत काय घातलंय ते कागदावर लिहून ठेवायचं.

हे लिहून ठेवणं मला आता दुरुस्तीइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्याचं कारण साधं आहे. कंपन्यांचा इतिहास राहतो. जाहिराती राहतात, मर्फीचं ते बाळ राहतं, मॉडेलचे नंबर राहतात. आकाशवाणीचा इतिहासही थोडाफार लिहिला गेला आहे. मेकॅनिकचा इतिहास कुठे आहे? आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड होता, कोणी पत्राने कोर्स केला, बहुतेकांनी कोणाच्या तरी दुकानात झाडू मारत मारत उचललं. त्यांच्या पावत्या फाटल्या, दुकानांची आधी टीव्हीची, मग मोबाइलची दुकानं झाली. त्यांनी लिहिलेलं जे काही उरलं आहे ते चासीच्या पत्र्यावर पेन्सिलीने टाकलेली एखादी तारीख, कॅबिनेटच्या आत चिकटवलेली पाच आकडी फोन नंबरची चिठ्ठी, व्हॉल्व्हच्या काचेवर ओरखडलेली खूण. बाकी सगळं त्यांनी सोल्डरमध्ये लिहिलं. आणि आपण हौसेने, प्रेमाने, "ओरिजिनल"च्या नादात नेमकं तेच पुसतो.

अर्थात पुसण्याचे याहून वाईट प्रकार आहेत. हल्ली उपाहारगृहांत भिंतीवर जुने रेडिओ मांडायची टूम आहे. ते दिसतात छान. मागून बघितलं तर चासी भंगारात गेलेली आणि आत ब्लूटूथचा डबा. हे करणाऱ्यांचं म्हणणं मला कळतं: "चालू करून ऐकायचं काय?" आणि हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. नागपूरच्या हजार किलोवॅटच्या मीडियम वेव्ह ट्रान्समीटरवरून रात्री देशभर ऐकू येणारी आकाशवाणीची नॅशनल चॅनल ही सेवा १९८८ मध्ये सुरू झाली, आणि डिसेंबर २०१८ मध्ये ती बंद करण्याचा आदेश निघाला. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्हवरचं प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी संपलं. ज्या लहरींसाठी हे सेट बनले त्या एकेक करून शांत होत आहेत. एफएम बहुतेक भारतीय सेटांना ऐकूच येत नाही. त्यातल्या त्यात गंमत म्हणजे पन्नाशीच्या दशकातले काही जर्मन सेट. त्यांच्यावर एफएमचा पट्टा होता. तो इथे तेव्हा निव्वळ शोभेचा होता, कारण भारतात एफएम आलं ते १९७७ मध्ये, मद्रासला. आज तोच पट्टा सगळ्यात जास्त बोलतो!

पण त्यासाठी पोट फाडायची गरज नाही. अनेक सेटांच्या पाठीवर "पीयू" असं लिहिलेली दोन भोकं असतात. ती ग्रामोफोनच्या पिकअपसाठी. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटात तिथे मोबाइलचं गाणं जोडता येतं आणि ते त्याच व्हॉल्व्हमधून, त्याच कागदी स्पीकरमधून वाजतं. (एसी-डीसी सेटांत मात्र चुकूनही हे करू नका, मोबाइल आणि माणूस दोन्ही जातील.) सत्तर वर्षांपूर्वी ठेवलेलं दार उघडंच आहे, भिंत पाडायचं कारण नाही.

टीव्हीच्या बाबतीत तर हे दारही नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या ट्रान्समीटरमुळे पुण्यात चित्र आलं. त्या काळातले लाकडी शटरचे, चार पायांचे कृष्णधवल टीव्ही आज रेडिओपेक्षा कितीतरी दुर्मिळ आहेत, खरं तर ते वयाने धाकटे. कारण सोपं आहे. रेडिओ कपाटावर मावतो, टीव्हीला कोपरा लागतो. त्याची पिक्चर ट्यूब जड, काचेची, मान मोडली की गेली. बंद केल्यावरही तिच्यात दणका देण्याइतका चार्ज राहतो, त्यामुळे हौशी माणूस तिच्या वाटेला जात नाही. दूरदर्शनचे ॲनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत जवळपास सगळे बंद झाले, म्हणजे अँटेना लावूनही काही दिसणार नाही. ते शटरचं कपाट चपला ठेवायला वापरलेलं मी पाहिलं आहे. रेडिओंचं जे आज होतंय ते टीव्हीचं आधीच होऊन गेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून, घरात माळ्यावर एखादा सेट असेल आणि तो कोणाला तरी दुरुस्तीला द्यायचा विचार असेल, तर एक करा. आधी मागचं झाकण काढून, प्लग न लावता, आतले फोटो काढा. वरून, खालून, चिठ्ठ्यांचे, तारखांचे. लायसनचं पुस्तक सापडलं तर टाकू नका. १९८० च्या दशकाच्या मध्यावर लायसनं रद्द झाली तेव्हा बहुतेक घरांनी ती रद्दीत घातली, त्यामुळे उरलेल्यांचं मोल जास्त आहे. दुरुस्ती करणाऱ्याला सांगा की जे काढाल ते फेकू नका. काढलेले कंडेन्सर, जळका व्हॉल्व्ह, तुटका दोरा, सगळं एका पिशवीत घालून ती कॅबिनेटच्या आत, गरम होणाऱ्या व्हॉल्व्हपासून लांब बांधून ठेवा. सोबत एक कागद: काय होतं, काय बदललं, कधी, कोणी. दुरुस्ती करणाऱ्याचं नाव त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. तो संकोचेल, "त्यात काय लिहायचंय" म्हणेल. तरी घ्या. आधीच्या मंडळींकडून घ्यायचं राहून गेलंय.